घरात येणाऱ्या पुड्या आणि पिशव्या पुढे कुठे जातात, हे गावातील घरांना कसे समजावून सांगावे?

प्रश्न – मलप्रभाकाठ (खानापूर तालुका)

सर्वांना नमस्कार. मी खानापूर तालुक्यात मलप्रभेच्या काठच्या एका गावात राहते आणि आमच्या महिला संघाचे लिखाणकाम पाहते. गावात साधारण दोनशे उंबरे आहेत. ग्रामपंचायतीची स्वच्छ वाहिनी आता आठवड्यातून दोनदा येते, ती आमच्याच संघातील एक मुलगी चालवते, आणि सुका कचरा वेगळा का द्यावा हे घरोघरी पटवून देण्याचे काम संघाकडे आले आहे. ते मी मनापासून स्वीकारले, पण पहिल्याच बैठकीत अडले, म्हणून येथे विचारते आहे.

मी तयारी करून गेले होते. प्लास्टिक शेकडो वर्षे कुजत नाही, समुद्रातील कासवे ते गिळतात, असे शाळेच्या पुस्तकात असते ते सर्व मी सांगितले. बायका शांतपणे ऐकत होत्या. मग सत्तरीच्या एक मावशी म्हणाल्या, “अगं, आमच्या बंबात टाकलं की पाच मिनटांत जातंय ते. शेकडो वर्षं कुठली?” बाकीच्यांनी माना डोलावल्या. मावशींच्या बोलण्यात खोडसाळपणा नव्हता. आमच्या भागात पावसाळ्याचे चार महिने लाकूड ओले असते आणि पाणी तापवायचा बंब पेटवायला दुधाच्या पिशव्या व बिस्किटांची वेष्टणे चटकन हाताशी येतात. ज्या वस्तूचा आपण रोज सकाळी असा निकाल लावतो, ती पृथ्वीवर शेकडो वर्षे राहते हे कोणाला खरे कसे वाटावे? मला त्यांना उत्तर देता आले नाही आणि ती गोष्ट मनाला लागून राहिली आहे.

दुसरी अडचण भाषेची होती. गाडीवर कन्नडमधून सूचना वाजते की ‘हसि कस’ आणि ‘ओण कस’ वेगवेगळा द्यावा. केवळ मराठी बोलणाऱ्या वयस्कर बायकांच्या कानाला ‘ओण’ हा शब्द ‘ओला’च्या जवळचा लागतो, प्रत्यक्षात त्याचा अर्थ सुका असा आहे, त्यामुळे काही घरांतून भाजीची देठे सुक्या कचऱ्याच्या पोत्यात आली. आता मी दोन्ही भाषांत लिहून चित्रासह चिकटवले आहे, तेव्हा ते सुटेल. मूळ प्रश्न मात्र राहतोच. दूरच्या समुद्राचा आधार न घेता, आमच्या गावात, आमच्या घरात या वेष्टणांमुळे नेमके काय बिघडते, हे खरे आणि दाखवता येईल असे कसे सांगावे? आणि कोणती गोष्ट मी अजिबात सांगू नये, हेही जाणकारांनी सांगावे, कारण एकदा बायकांना अतिशयोक्ती वाटली की पुढचे खरे बोलणेही त्या ऐकणार नाहीत.

उत्तर – निवृत्त रसायन शिक्षक (टिळकवाडी, बेळगाव)

ताई, मावशींनी विचारलेला प्रश्न हाच आपल्या कामाचा गाभा आहे, असे मला वाटते. त्याला बगल न देता पुढची बैठक त्याच प्रश्नापासून सुरू करावी.

प्रथम आपल्या ‘शेकडो वर्षे’ या विधानाबद्दल. प्लास्टिकचा सर्रास वापर १९५० नंतर सुरू झाला, म्हणजे ते शेकडो वर्षे टिकताना कोणी पाहिलेले नाही. तो प्रयोगांवरून बांधलेला अंदाज आहे आणि वस्तूनुसार, जागेनुसार तो खूप बदलतो. जे निश्चित माहीत आहे ते असे की उन्हाने ते ठिसूळ होते, त्याचे तुकडे होत जातात आणि ते तुकडे मातीत व पाण्यात राहतात. हे दाखवायला आकडा लागत नाही. परड्यात दोन उन्हाळे पडून राहिलेली एखादी खताची पिशवी उचलून पाहावी, हातात तिचा भुगा येतो. तो भुगा मातीत मिसळला म्हणून तो माती झाला, असे होत नाही. अगदीच एखादा आकडा द्यावासा वाटला, तर २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा द्यावा. त्यानुसार १९५० पासून २०१५ पर्यंत जगात सुमारे ८३० कोटी टन प्लास्टिक तयार झाले, आणि कचरा झालेल्या प्लास्टिकपैकी फक्त ९ टक्के पुनर्वापरात गेले, १२ टक्के जाळले गेले आणि उरलेले ७९ टक्के उकिरड्यांवर किंवा निसर्गात साचून राहिले.

आता बंबाकडे येऊ. दुधाची पिशवी पॉलिथिनची असते, म्हणजे तिच्यात कार्बन आणि हायड्रोजन हीच मूलद्रव्ये असतात. भरपूर हवा आणि भरपूर उष्णता मिळून ती पूर्ण जळाली, तर कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होईल, आणि तेव्हाही एक किलो पॉलिथिनमधून तीन किलोंहून थोडा अधिक कार्बन डायऑक्साइड बाहेर पडेल, कारण जळताना त्यातील कार्बन हवेतील प्राणवायू घेऊन वजनाने वाढतो. मावशींना ‘ते जाते’ असे वाटते, पण ते गेलेले नसते. ते वायू होऊन आणि वजनाने तिप्पट होऊन न्हाणीच्या धुराड्यातून बाहेर पडलेले असते. बंबात तर हवाही अपुरी असते आणि उष्णताही कमी-जास्त होत राहते, त्यामुळे ते अर्धवट जळते आणि काजळी, कार्बन मोनॉक्साइड व इतर घातक संयुगे तयार होतात. न्हाणीच्या भिंतीवर बसणारी तेलकट काळी पुटे हा त्याचाच पुरावा आहे, तो बोटाने खरवडून दाखवता येतो.

खरा धोका मिश्रणात आहे. घरातल्या कचऱ्यात पीव्हीसीची एखादी नळी, जुनी चप्पल किंवा वायरचे आवरणही असते आणि त्यात क्लोरीन असतो. क्लोरीन असलेली वस्तू मंद आगीत जळाली की डायऑक्सिन नावाची अतिशय विषारी संयुगे तयार होऊ शकतात. नियंत्रित भट्ट्यांमध्ये त्यांचा नाश व्हावा म्हणून ८५० अंश सेल्सिअसच्या वरचे तापमान किमान दोन सेकंद राखावे लागते, आणि ते बंबात शक्य नाही. ही संयुगे चरबीत विरघळतात, म्हणून धुरासोबत गवतावर बसली की गाय-म्हशीच्या चरबीत आणि दुधाच्या स्निग्धांशात साठतात. २००१ च्या स्टॉकहोम करारात उघड्यावर कचरा जाळणे हा डायऑक्सिनचा एक स्रोत म्हणून नोंदलेला आहे आणि भारताने तो करार २००६ साली मान्य केला आहे.

मात्र माझ्या मते बायकांना सर्वांत अधिक पटेल ती गोष्ट राखेची. आमच्या आईच्या घरी बंबाची राख कधी वाया जात नसे. तिने भांडी घासली जात आणि दोडक्याच्या, वालाच्या वेलांवर मावा पडला की तीच राख उधळली जाई. लाकडाच्या राखेबाबत ही रीत शहाणपणाची होती. आज त्याच राखेत छापील वेष्टणांच्या शाईचे आणि प्लास्टिकमध्ये मिसळलेल्या रसायनांचे अवशेष आहेत, काही वेळा शिसे वा कॅडमियमसारख्या धातूंचेही, आणि ती आपण ताटांना व भाजीला लावतो आहोत. आपण मावशींना एवढेच विचारावे की बंबाची राख त्या कशासाठी वापरतात. उत्तर त्यांच्याकडूनच येईल.

दंडाची भीती घालू नये, असे मी सुचवेन. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यासाठी ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाईचा आदेश दिला होता हे खरे आहे. परंतु ओल्या लाकडाशी झगडणाऱ्या बाईला पेटवणासाठी दुसरे काही देण्याआधी दंड सांगणे मला योग्य वाटत नाही. मे महिन्यातच करवंट्या, नारळाची सोडणे आणि शेणी माळ्यावर साठवून ठेवण्याची जुनी सवय पुन्हा लावता आली, तर अर्धे काम होईल.

उत्तर – येळ्ळूर शिवार

सरांनी धुराचे सांगितले, मी पाण्याचे आणि जनावराचे सांगतो. आमची जमीन बळ्ळारी नाल्याच्या बाजूला आहे. येळ्ळूर, शहापूर, वडगाव, अनगोळ या शिवारांत बेळगावचा बासमती पिकतो, आणि मोठा पाऊस झाला की नाल्याचे पाणी शेतात पसरून भात दिवसेंदिवस पाण्याखाली राहतो. प्रामाणिकपणे सांगायचे तर याचे मोठे कारण गाळ, जलपर्णी आणि नाल्याची अरुंद झालेली पात्रे हे आहे, सारा दोष पिशव्यांवर टाकणे खरे होणार नाही. परंतु पाणी जेथे मोरीतून जाते तेथे मी स्वतः उभा राहून पाहिले आहे. जलपर्णी एकटी असती तर ती पाण्याच्या जोराने सरकली असती, पिशव्या तिला जाळीसारख्या धरून ठेवतात आणि मोरीच्या तोंडाशी बूच बसते. दोन वर्षांपूर्वी आम्ही सहा जणांनी फावड्यांनी असे एक बूच काढले तेव्हा त्यात दुधाच्या आणि गुटख्याच्या पिशव्या, चिप्सच्या पुड्या, एक अख्खी ताडपत्री आणि लग्नातील थर्मोकोलची ताटे निघाली, आणि पुढच्या तासाभरात शेतातील पाणी वीतभर उतरले.

आपल्या गावालाही ओढा असेलच. बैठक घेण्याऐवजी बायकांना एकदा पाऊस थांबल्यावर ओढ्याच्या मोरीपाशी नेऊन आणावे. तेथे अडकलेल्या प्रत्येक पुडीवर नाव छापलेले असते आणि ती पुडी गावातील दुकानातूनच आलेली असते. मलप्रभा कणकुंबीला उगम पावून आपल्या दारावरून नवीलतीर्थाच्या धरणात आणि तेथून पुढे कूडलसंगमला कृष्णेत जाते. समुद्र फार पुढे आहे, वाटेत पाणी पिणारी गावे बरीच आहेत.

जनावराचे सांगणे मला जड जाते. आमची एक गाभण गाय आठ दिवस रवंथ करीत नव्हती, पोट फुगत होते, आणि शेवटी ती गेली. डॉक्टरांनी पोट उघडले तेव्हा कोटीपोटात, म्हणजे गाईच्या पहिल्या मोठ्या पोटात, पिशव्यांचा पिळा पडलेला होता, दोन्ही हातांत मावणार नाही एवढा. गाय प्लास्टिक आवडीने खात नाही. आपण शिळा भात, भाजीची साले पिशवीत घालून गाठ मारून फेकतो, तिला गाठ सोडता येत नाही, म्हणून ती पिशवीसकट गिळते. कोटीपोटातून ते पुढे सरकत नाही आणि कुजतही नाही. म्हणून माझी विनंती एवढीच आहे की, बाकी काही पटो वा न पटो, खरकटे पिशवीत बांधून टाकू नका, हे आपण पहिल्या दिवशीच सांगावे. आपल्या गावात प्रत्येक घरी जनावर असेल, तेव्हा हे कोणाला वेगळे पटवावे लागणार नाही.

उत्तर – भंगार दुकान (निपाणी)

आमचे तीन पिढ्यांचे भंगाराचे दुकान आहे, तेव्हा ‘पुढे कुठे जाते’ या प्रश्नाचे उत्तर मी अनुभवावरून देऊ शकतो. पुस्तकात ‘पुनर्वापर करता येण्याजोगे’ असे लिहिलेले असते. प्रत्यक्षात जे भंगारवाला पैसे देऊन घेतो तेच पुन्हा वापरात जाते, आणि जे तो नाकारतो ते कुठेतरी पडून राहते किंवा जळते. म्हणून ताई, आपण एक साधी गोष्ट करून पाहावी. संघातील दहा घरांनी एक आठवडा घरात आलेले प्रत्येक वेष्टण धुऊन, वाळवून एका पोत्यात साठवावे. मग एखाद्या भंगारवाल्याला बोलावून सर्वांसमोर ती पोती चटईवर रिकामी करावीत आणि त्याला निवडू द्यावे. तो घेईल त्याचा एक ढीग, नाकारील त्याचा दुसरा. बायका दोन ढिगांकडे पाहून जेवढे शिकतील तेवढे कोणत्याही भाषणातून शिकणार नाहीत.

काय होईल तेही सांगतो. पाण्याच्या आणि सरबताच्या पारदर्शक बाटल्या जातील, त्या पेट प्लास्टिकच्या असतात आणि तळाशी त्रिकोणात १ हा आकडा असतो. शाम्पूच्या, फिनेलच्या जाड अपारदर्शक बाटल्या आणि तेलाचे डबे बहुधा २ किंवा ५ आकड्याचे असतात, तेही जातील. पुठ्ठा कोरडा असेल तर जाईल, भिजला असेल तर त्याला कोणी हात लावणार नाही. पत्रा आणि ॲल्युमिनियम तर लगेच जाते, कारण ॲल्युमिनियम खनिजापासून काढण्याऐवजी जुने वितळवले तर सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते आणि ती बचत भावात उतरते. दुधाच्या पिशव्या धुतलेल्या असतील तर जातात. न धुतलेल्या पिशव्यांना दोन दिवसांत असा वास सुटतो की गोदामातील कामगार त्या ढिगाजवळ बसत नाहीत.

नाकारलेल्या ढिगात चिप्स, कुरकुरे, बिस्किटे, मसाला, शाम्पूची एकदाची पुडी आणि चहाची चकचकीत थैली असेल. ही बहुस्तरीय वेष्टणे असतात. बाहेर छपाईचा थर, मध्ये ॲल्युमिनियमचा पातळ मुलामा, आत उष्णतेने चिकटणारा थर, आणि हे थर वेगळे करणे परवडत नाही. त्यांतील काही माल पंचायतींच्या व नगरपालिकांच्या केंद्रांतून सिमेंटच्या भट्ट्यांकडे इंधन म्हणून जातो, तेथे १,४०० अंशांच्या वरची उष्णता असते, म्हणून बंबापेक्षा तो मार्ग निश्चित बरा. पण तो पुनर्वापर नव्हे, जाळणेच आहे, हे बायकांना स्पष्ट सांगावे. तेलाची पिशवी आतून तेलकट राहते म्हणून आम्ही घेत नाही. ती कापून, गरम पाण्यात थोडा सोडा घालून धुतली तर घेतो, मात्र एका पिशवीसाठी एवढे सरपण आणि पाणी घालवावे असे मी म्हणणार नाही. त्यापेक्षा पाच लिटरचा डबा घ्यावा, तो पुढे पाच वर्षे घरातच वापरात राहतो.

एक बारीक गोष्ट राहिली. दुधाची पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा सुटा करू नये, चीर द्यावी आणि तुकडा पिशवीलाच लटकू द्यावा. दिवसाला दोन पिशव्या घेणाऱ्या घरातून वर्षाला ७३० तुकडे निघतात, दोनशे घरांचे १,४६,००० होतात, आणि एवढासा तुकडा पोत्यातून गळतो, चाळणीतून गळतो, तो वेचायला जगातील कोणताही माणूस वाकणार नाही. मोठी पिशवी परत येते, तो तुकडा कधीच परत येत नाही.

उत्तर – अनगोळ नाका

सर्वांचे म्हणणे पटले, पण एक खंत मांडतो. चिप्सची पुडी ज्यांनी बनवली त्यांनी ती परत घेण्याची सोय करायची, की दोनशे घरांतील बायकांनी रोज धुऊन वाळवत बसायचे? २०१६ च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनी उत्पादक, आयातदार आणि ब्रँडमालक यांच्यावर जबाबदारी टाकली. फेब्रुवारी २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी वेष्टणांचे चार वर्ग पाडून, २०२३-२४ पासून बाजारात आणलेल्या वेष्टणांच्या शंभर टक्क्यांइतके गोळा करण्याचे उद्दिष्टही ठरवून दिले. ताईंनी हे बायकांना सांगावे, नाहीतर सारा दोष आपलाच आहे असे वाटून त्या उगाच ओशाळतील. गुटख्याच्या आणि तंबाखूच्या पुड्यांना प्लास्टिक वापरण्यास तर त्याच नियमांनी बंदी आहे, आणि १ जुलै २०२२ पासून थर्मोकोलची सजावट, प्लास्टिकची ताटे-पेले, इतकेच काय, मिठाईच्या खोक्यावर गुंडाळलेली पातळ फिल्मसुद्धा बंद आहे. बेळगावच्या कुंद्याच्या खोक्यावर ती दिसली तर दुकानदाराला सौम्यपणे सांगण्याचा हक्क प्रत्येक ग्राहकाला आहे.

उत्तर – वडगावचा माग

आमचे घर वडगावात मागावर साड्या विणण्याचे काम करीत आले आहे, म्हणून कापडी पिशवीबद्दल थोडे लिहितो, कारण अशा प्रत्येक बैठकीचा शेवट नवीन कापडी पिशव्या वाटण्यात होतो आणि मला ते पाहवत नाही.

कापूस फुकट येत नाही. एक किलो सुती कापडासाठी जगाच्या सरासरीने सुमारे १०,००० लिटर पाणी लागते, शिवाय खते, फवारण्या, कांजी, रंग आणि रंगाचे सांडपाणी. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ साली पिशव्यांची तुलना केली होती. तापमानवाढीच्या दृष्टीने एकदा वापरून फेकलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीशी बरोबरी करायला नवी सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते, कागदी पिशवी ३ वेळा, जाड पॉलिथिनची ४ वेळा आणि न विणलेल्या पॉलिप्रॉपिलिनची, म्हणजे जिला आपण लोक कापडी समजतो तिची, ११ वेळा, असे त्या अभ्यासात आढळले. या हिशेबात ओढ्यात अडकणारी पिशवी किंवा येळ्ळूरच्या दादांची गाय धरलेली नाही, हे ध्यानात ठेवावे. म्हणून त्यावरून प्लास्टिक बरे असा निष्कर्ष काढू नये. आठवड्याच्या बाजाराला एकच पिशवी नेली तर १३१ बाजार म्हणजे अडीच वर्षे होतात, आणि एवढे दिवस चांगली पिशवी सहज टिकते. वाईट आहे ते कपाटात साठलेल्या, समारंभात मिळालेल्या पंधरा नव्या पिशव्या.

जुन्या लुगड्याची, धोतराची पिशवी शिवली तर नवा कापूस लागतच नाही, आणि वरचा १३१ वेळांचा हिशेब तेथे लागू होत नाही. दुहेरी घडी, तळाला आडवी शिवण आणि हातात धरायचे बंद पिशवीच्या तळापर्यंत नेलेले, अशी शिवली तर दहा किलो तांदूळ पेलते. संघातील कोणाकडे शिलाई यंत्र असेल तर एका दुपारी वीस पिशव्या होतील.

कर्नाटकात २०१६ पासून सर्वच जाडीच्या प्लास्टिक कॅरीबॅगांवर बंदी आहे, तर देशाच्या नियमाने ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशवी चालत नाही. बऱ्याच जणांना हा फरक ठाऊक नसतो आणि दुकानदाराशी वाद होतात, म्हणून तोही सांगून ठेवावा. ‘कंपोस्टेबल’ लिहिलेल्या पिशवीवर आयएस/आयएसओ १७०८८ हे मानक छापलेले आहे का ते पाहावे, आणि असले तरी ती परड्यातल्या उकिरड्यात लवकर कुजेल असे समजू नये, तिला ५८ अंशांच्या आसपास टिकून राहणारी उष्णता लागते.

शेवटी, प्रत्येक वेष्टण वाईट असे बायकांना सांगू नये. पावसाळ्यात खानापूरच्या हवेत उघडे पोहे आणि डाळ आठवड्यात सादळते. बंद पुडीमुळे ती वाचत असेल, तर ते पिकवायला लागलेले पाणी, खत, कष्ट वाचतात आणि त्यापुढे पुडीचा भार थोडा असतो. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२२ साली जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातील ६० टक्के घराघरांतून गेले. तेव्हा मोठी पुडी घेऊन घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी, पाच-पाच रुपयांच्या दहा पुड्या घेऊ नयेत, हे सांगणे अधिक खरे होईल.

प्रश्नकर्तीचे उत्तर – मलप्रभाकाठ

सर, दादा, आणि सर्वांचे मनापासून आभार. आपण सांगितले तसे केले, म्हणून काय झाले ते कळवणे माझे कर्तव्य आहे.

मी बैठक मावशींच्या प्रश्नानेच सुरू केली. ‘राखेचे काय करता’ असे विचारल्यावर प्रत्येकीने आपापली रीत सांगितली, आणि त्या सांगत असतानाच त्यांच्यातील एक सूनबाई म्हणाली की तिच्या न्हाणीतली राख अलीकडे हाताला चिकट लागते आणि तिने भांडी घासली तर काळा डाग राहतो. पुढे मला फारसे बोलावे लागले नाही. मावशी बराच वेळ गप्प होत्या, मग त्यांनी विचारले, “मग पेटवायचं कशानं?” तो प्रश्न रास्त होता. संघाने ठरवले आहे की वैशाखात सर्वांनी मिळून करवंट्या आणि सोडणे गोळा करायची, आणि ज्यांच्या घरी माळा नाही त्यांच्यासाठी समाजमंदिराच्या मागची कोरडी खोली मागायची.

दहा घरांचा आठवडाही पार पडला. आमच्या गावात दर पंधरवड्याला येणारे भंगारवाले चाचा चटईवर बसले, निवडू लागले, आणि दोन ढीग झाले. वजनाने त्यांनी घेतलेला ढीग मोठा होता, पण नाकारलेला ढीग डोळ्यांना दुप्पट दिसत होता, कारण त्यात हलक्या पुड्याच पुड्या होत्या. त्यातील बहुतेक पुड्या मुलांच्या खाऊच्या होत्या हे सर्वांच्या एकदम लक्षात आले, कोणाचेही नाव न घेता. दोन घरांनी तेथल्या तेथे ठरवले की शनिवारी चिवडा घरी करायचा. बाकीच्यांनी काही ठरवले नाही आणि मीही आग्रह धरला नाही. अनगोळच्या दादांचे म्हणणे मी वाचून दाखवले तेव्हा बायकांना खरेच बरे वाटले, आणि त्या नाकारलेल्या ढिगातील वेष्टणांवरची कंपन्यांची नावे लिहून पंचायतीच्या विकास अधिकाऱ्यांकडे देण्याची कल्पना त्यांनीच काढली. यादी तयार आहे.

दुधाच्या पिशवीच्या कोपऱ्याची गोष्ट मात्र वाऱ्यासारखी पसरली, बैठकीला न आलेल्या घरांतही. चीर देण्याची सवय आता शाळेतील मुले आजींना शिकवीत आहेत. वडगावच्या दादांनी सांगितलेली तळापर्यंत बंद नेण्याची शिवण आम्ही एका पिशवीवर करून पाहिली, पण दुहेरी घडीतून सुई मोडते आहे. कापड नऊवारीचे, जुने पण दाट विणीचे आहे. किती क्रमांकाची सुई आणि कोणता दोरा घ्यावा, हे कृपया कळवावे, बुधवारी दुपारी आम्ही पुन्हा बसणार आहोत.